कादंबरी अडली आहे, लिस्बनला जाऊ का?

पत्र असं आहे: "मी फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते. वय ४१. तीन वर्षं एक कादंबरी लिहिते आहे. १९११ साली कवळ्याचा एक मुलगा कायदा शिकायला लिस्बनला जातो आणि पाच वर्षांनी परततो, एवढं कथानक. १४० पानं झाली. तो ऑक्टोबरात लिस्बनच्या धक्क्यावर उतरतो तिथे घोडं अडलं, ते वर्षभर तसंच अडून आहे. मी युरोप पाहिलेला नाही. चार लाख रुपये साठवलेत, मे महिन्यात २४ दिवस मिळतील. घरचे म्हणतात, आधी जाऊन ये, मग लिही. मैत्रीण म्हणते, बारा दिवसांत सात देशांच्या सहलीला माझ्याबरोबर चल. पोर्तुगीज येत नाही. पणजोबांच्या पेटीत काही मोडी कागद आहेत, तेही वाचता येत नाहीत. काय करू?" — एक शिक्षिका, फोंडा

ताई,

लिस्बनला जा, पण या मे महिन्यात नको. पुढच्या मे महिन्यात जा. आणि जाताना कादंबरीचा पहिला खर्डा शेवटच्या पानापर्यंत लिहून न्या. घरच्यांचा सल्ला मायेचा आहे, पण क्रम उलटा आहे. कादंबरी हातात नसताना माणूस परदेशी गेला की त्याला सगळंच महत्त्वाचं वाटतं. वह्या भरतात, फोटो दोन-तीन हजार होतात, आणि परत आल्यावर त्यातलं काय कुठे बसवायचं ते कळत नाही. खर्डा पुरा असला की काय हवंय ते नेमकं ठाऊक असतं.

पाहिलेलंच नाही तर लिहायचं कसं? अडेल तिथे कागदावर चौकट काढा. चौकटीत प्रश्न लिहा आणि पुढचं वाक्य सुरू करा. "तो [कोणत्या स्थानकावर?] उतरला. त्याच्या खिशात [किती, कोणतं नाणं?] होतं. खोलीत [शेगडी असे का?] होती." या प्रकरणात अशा चाळीस-पन्नास चौकटी झाल्या तरी बिघडत नाही. मुलाला काय वाटतं, तो कुणावर चिडतो, आईला पत्रात काय लपवतो, यासाठी लिस्बन लागत नाही. ते कवळ्यातच ठरलेलं आहे. खर्डा संपला की चौकटी वेगळ्या उतरवून काढा आणि तीन भाग करा: पणजीत सुटतील अशा, घरबसल्या संगणकावर सुटतील अशा, आणि तिथे गेल्याशिवाय सुटणारच नाहीत अशा. शंभर चौकटींतल्या शेवटच्या भागात पंधरा-वीसच उरतील. प्रवास त्या पंधरा-वीसांसाठी.

आता मूळ अडचण. तुमचं प्रकरण अडलंय ते युरोप न पाहिल्यामुळे नव्हे, असं आमचं मत आहे. १९११ साली लिस्बनमध्ये कायद्याचं शिक्षण मिळत नव्हतं. लिस्बन विद्यापीठ त्याच वर्षी स्थापन झालं, पण तिथली कायद्याची शाखा १९१३ची. तोवर कायदा शिकायचा तर कुईंब्राला जावं लागे, लिस्बनच्या उत्तरेला सुमारे २०० किलोमीटर. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: मुलाला कुईंब्राला पाठवा, नाहीतर वर्ष १९१३ करा, नाहीतर त्याला वैद्यकी शिकवा. आम्ही पहिली वाट सुचवू. लिस्बन राजधानी, तिथे माणूस गर्दीत हरवून जातो. कुईंब्रा मात्र टेकडीवर वसलेलं विद्यार्थ्यांचं गाव. काळी कफनी आणि झगा घालून फिरणारी मुलं, रात्रीची गाणी, नव्या मुलांची केलेली छळवणूक. कवळ्याच्या मुलाचं एकटेपण तिथे अधिक उठून दिसेल. १९१०च्या क्रांतीत राजेशाही गेली, त्यानंतर त्या पोशाखाची सक्ती उठली होती. म्हणजे काही मुलं झगा घालत होती, काही मुद्दाम घालत नव्हती. तुमचा मुलगा काय करतो? हा प्रश्न सुटला तर एक अख्खं प्रकरण हाती लागेल.

दुसरी शंका धक्क्याची. तो लिस्बनला आगबोटीनेच उतरला हे कशावरून? सुवेझ कालवा १८६९मध्ये खुला झाला, त्यानंतर मुंबईहून एडन, पोर्ट सैदमार्गे भूमध्य समुद्रात जाता येई, आणि फ्रान्समधल्या मार्सेयला उतरून पुढे रेल्वेने स्पेनमार्गे पोर्तुगाल गाठता येई. आगबोटीने उतरलेला मुलगा आणि तीन दिवस तिसऱ्या वर्गाच्या फळीवर बसून आलेला मुलगा, यांचं पहिलं वाक्य एक असूच शकत नाही. त्याची वाट कोणती हे त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या आगबोट कंपन्यांच्या जाहिराती सांगतील. दुर्भाटच्या बंदरावरून निघून तो मुंबईला कसा पोहोचला तेही त्यांतच सापडेल. मार्ग पक्का झाला की प्रकरण बहुधा आपोआप हलेल. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) पुन्हा काढून पाहा. युरोपहून मुंबईला येणाऱ्या बोटीवर ती कादंबरी घडते. युरोपातली प्रेक्षणीय स्थळं तिच्यात नाहीत, पण युरोप पानापानात आहे.

पणजीतलं काम या वर्षाचं. पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापासून सुरुवात करा. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. जुन्या पोर्तुगीज आणि मराठी वृत्तपत्रांचे गठ्ठे तिथे आहेत. १९११च्या जुलै ते डिसेंबर, एवढ्याच सहा महिन्यांचं एक दैनिक मागा आणि पहिल्या पानाऐवजी शेवटच्या पानापासून वाचा. अग्रलेखात राजकारण असतं. जाहिरातींत बुटांची किंमत, खोकल्याचं औषध, लिलाव, शिकवण्या आणि बोटींच्या तारखा असतात. कादंबरीला दुसरं जास्त लागतं. त्यानंतर सरकारी 'बोलेतीं', म्हणजे राजपत्र. ते १८३७पासून निघू लागलं. नेमणुका, रजा, परीक्षांचे निकाल, मालमत्तांचे लिलाव तिथे मिळतील. पणजीच्या लिसेवचा, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेचा, संपूर्ण अभ्यासक्रम मुलाने पूर्ण केला होता का, हेही पाहून ठेवा. विद्यापीठातला प्रवेश त्याच्याशी जोडलेला होता.

पुराभिलेख खात्यात मात्र "१९११चं काहीतरी दाखवा" म्हणून जाऊ नका. हे अभिलेखागार १५९५चं, पहिला रक्षक दियोगो दो कोतो. इतक्या जुन्या आणि अफाट संग्रहात नेमका प्रश्न नसेल तर दिवस फुकट जातो. चौकटींतला एक प्रश्न न्या, एका विषयाची यादी मागा, यादीतून दोनच बस्ते, म्हणजे कागदांचे गठ्ठे, निवडा.

नावं शोधताना हमखास चूक होते, म्हणून हे नीट वाचा. पोर्तुगीज कागदांत प्रभू हे 'पोरोबो' होतात, कामत 'कामोतीं', शेणवी 'सिनाय'. विठ्ठल 'विठोल' होतो. शंकरच्या 'श'साठी एक्स हे अक्षर येतं, त्यामुळे अनुक्रमणिकेत एसखाली शोधणाऱ्याला तो कधीच भेटत नाही. आडनाव आधी की नाव आधी, याचाही नेम नाही, दोन्हीकडे पाहा. दुसरी मेख शुद्धलेखनाची. पोर्तुगालने सप्टेंबर १९११मध्ये शुद्धलेखन बदललं. आधी औषधालय, नाट्यगृह, छापखाना हे शब्द पीएच, टीएच, वाय अशी अक्षरं घालून लिहीत. नंतर त्यांच्या जागी साधी एफ, टी, आय आली. तुमच्या कथेचं वर्ष नेमकं या उंबरठ्यावर आहे. संगणकावर शोध घेताना प्रत्येक शब्द दोन्ही रूपांत टाका, नाहीतर अर्धा खजिना दिसणारच नाही. बदल एका रात्रीत सगळीकडे झाला असंही धरू नका. त्याच वर्षी मंत्रालयही बदललं: आरमार आणि सागरपार प्रांत यांचं एकत्र खातं होतं, त्यातून वसाहतींचं मंत्रालय वेगळं निघालं. लिस्बनच्या यादीत म्हणूनच दोन्ही नावांखाली शोधावं लागेल.

पोर्तुगीज बोलता येण्याची गरज नाही, वाचता यायला हवी, आणि एका वर्षात ती येते. तुमची सुरुवात शून्यापासून नाही. चावी, लिलाव, पगार, घमेलं, परात, बिजागरी हे शब्द मराठीत तिथूनच आलेत, आणि घरातलं जनेल, मेज, कदेल, इस्कोल तर रोजच्या तोंडातलं. पणजीत कामोंइश केंद्रात आणि गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात. पहिले चार महिने व्याकरण, पुढे रोज एका वृत्तपत्राचा अर्धा स्तंभ कोशासह. मोठे परिच्छेद घेऊ नका. मृत्यूच्या बातम्या आणि जाहिराती घ्या, कारण त्यांची वाक्यरचना ठरलेली असते. तिसऱ्या आठवड्यात शब्द ओळखीचे वाटू लागतात. आसगावात जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फु दालगाद यांचा १८९३चा कोंकणी-पोर्तुगीज कोश देवनागरीत आहे. तो जवळ ठेवा. त्या काळात इथल्या माणसाच्या तोंडी कोणता शब्द होता, याची खातरी करायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पेटीतले मोडी कागद ही तुमच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि पत्रात तुम्ही त्यांना सर्वांत शेवटी बसवलंत. तुमचा मुलगा घरी पत्र कशात लिहील? पोर्तुगीजमध्ये नव्हे. मोडी शिकायला रोज अर्धा तास, तीन महिने पुरतात. अक्षरांचं वळण देवनागरीपेक्षा बरंच वेगळं आहे, पण खरा त्रास होतो तो दुसऱ्याच कारणांनी. आधी सबंध ओळीची रेघ ओढून तिच्यावर लिहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नसत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. म्हणून शब्द कुठे तुटतो ते अर्थावरून ठरवावं लागतं. वाचन मायन्यापासून सुरू करा, "तीर्थरूप", "साष्टांग नमस्कार विनंती विशेष", कारण ते आधीच माहीत असतं. त्यातून त्या लिहिणाऱ्याच्या हाताची वळणं कळतात. मग तारखा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते पाडवा या काळात ७९. ऑक्टोबर १९११ म्हणजे शके १८३३चा आश्विन किंवा कार्तिक. कागद उलगडण्याआधी पेटी दोन दिवस वाऱ्यावर, सावलीत ठेवा, उन्हात नको. घड्या कोरड्या असताना जोराने उघडल्या की शाई पडलेल्या रेषेवरच कागद तुटतो. चिकटपट्टी कधीही लावू नका.

घरबसल्या जे होतं ते फोंड्यातच उरका. लिस्बन महानगरपालिकेच्या वृत्तपत्र-संग्रहाने जुनी सचित्र नियतकालिकं संगणकावर खुली केली आहेत. 'ऑसिदेन्त' (१८७८ ते १९१५) आणि 'इलुश्त्रासांव पुर्तुगेझा' ही दोन पाहा. रस्ते, कपडे, दुकानांच्या पाट्या, मजूर, सगळं चित्रांत आहे. जोशुआ बेनोलियेल या छायाचित्रकाराने टिपलेलं त्याच वर्षांतलं शहर लिस्बन महापालिकेच्या छायाचित्र-संग्रहात आहे. आणि सिल्व्हा पिंतो यांनी १९०४ ते १९११ दरम्यान मोजणी करून काढलेला शहराचा नकाशा, घर न् घर दाखवणारा, तुम्हाला हवाच. तो छापून घ्या, तुकडे जोडा आणि भिंतीवर लावा.

वाचन थांबवायचं कधी? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वर्षभर अडलेल्या लेखकाला तो लागू पडतो. एकाच गोष्टीची तीन वेगळ्या ठिकाणी तीच माहिती मिळाली की त्या चौकटीचं वाचन संपलं. चौथं पुस्तक उघडलंत तर तुम्ही लिहिणं टाळताय. त्या मुलाच्या गावात समुद्र ओलांडण्याबद्दल, प्रायश्चित्ताबद्दल काय बोललं गेलं, एवढ्या एका बाबतीत मात्र कितीही वाचा. कवळे हे मठाचं गाव. हा विषय वरवर लिहिला तर इथला वाचक क्षमा करणार नाही, आणि करू नये.

आता प्रवास. मैत्रिणीबरोबरची सहल नको. बारा दिवसांत सात देश म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास बसमध्ये, आणि तुमच्या कादंबरीत त्यातला एकच देश आहे. त्यांच्यासोबत जाऊन शेवटी दोन दिवस लिस्बनला जोडू, हाही विचार करू नका. थकलेल्या डोळ्यांना उतार दिसत नाहीत.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, अल्प मुदतीचा. अर्ज प्रवासाला निघण्याआधी सहा महिन्यांच्या आत आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडलं तर ४५. मे महिना सगळ्यांच्या सुट्टीचा, म्हणून मार्चमध्ये भेटीची वेळ मिळणं कठीण होतं. जानेवारीच्या शेवटी कागद तयार ठेवा आणि फेब्रुवारीत अर्ज टाका. फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. संस्थेचं रजा मंजुरीचं आणि ना-हरकतीचं पत्र हे सर्वांत उशिरा हाती येतं. ते डिसेंबरातच मागा. प्रवासाचा हेतू लिहिताना "ग्रंथालय व अभिलेखागारात वाचन" असं सरळ लिहा आणि त्या संस्थांना पाठवलेल्या मेलची उत्तरं जोडा.

चार लाख पुरतात. युरो शंभर रुपयांचा धरला की हिशेब सोपा: विमान ९०,०००, २२ रात्री ६० युरोंच्या खोलीत म्हणजे १,३२,०००, जेवण दिवसाला २० युरो म्हणजे ४४,०००, तिथला प्रवास १५,०००, व्हिसा, विमा १५,०००, पुस्तकं आणि प्रती २०,०००. बेरीज ३,१६,०००. खोली स्वयंपाकघर असलेली घेतलीत तर आणखी वाचतील, कारण तांदूळ आणि ताजी मासळी दोन्ही तिथे सहज मिळतात. उरलेल्या पैशांना हात लावू नका. परत आल्यावर एखाद्या बस्त्याच्या प्रती मागवाव्या लागतातच.

दिवसांची वाटणी अशी करा. पहिले तीन दिवस लिस्बनमध्ये, कोणत्याही अभिलेखागारात पाऊल न टाकता, फक्त चालणं. मग नऊ दिवस लिस्बनचं काम. मग सहा दिवस कुईंब्रा, आणि शेवटचे चार पुन्हा लिस्बन. कुईंब्राला जाण्याआधी तिथल्या विद्यार्थी-उत्सवाच्या तारखा पाहा आणि त्या टाळा. हा मोठा उत्सव मे महिन्यात असतो. खोल्या महाग होतात आणि रात्री झोप मिळत नाही. लिस्बनमध्ये सागरपार इतिहासाचं अभिलेखागार जुंकैरा भागात, एगा राजवाड्यात आहे. गोव्याविषयीचे कागद मुख्यतः तिथे. तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागाराचं नाव मोठं आहे, १९९०मध्ये बांधलेली त्याची इमारतही पाहण्यासारखी आहे, पण तुमच्या पंधरा चौकटींतली एकही तिथे नसेल तर जाऊ नका. मोह होईल, आवरा.

वाचनकक्षाचे नियम सगळीकडे साधारण सारखे: पासपोर्ट दाखवून नोंदणी, पिशवी बाहेर कपाटात, आत फक्त पेन्सिल. महिनाभर आधी मेल करा, पोर्तुगीजमध्ये चार ओळी, आणि त्यात कागदाचा क्रमांक द्या. त्याला तिथे 'कोता' म्हणतात. एका दिवशी किती बस्ते मिळतात आणि स्वतःच्या फोनने फोटो काढता येतात का, हे त्याच मेलमध्ये विचारा. फोटो काढायची मुभा असली तर प्रत्येक बस्त्याचा पहिला फोटो त्याच्या कोता-चिठ्ठीचा घ्या. हे न केल्यामुळे किती जणांचं अख्ख्या आठवड्याचं काम वाया गेलंय, याला गणती नाही: पान सापडतं, पण ते कुठलं ते कळत नाही. दिवसाला साठपेक्षा जास्त फोटो नकोत, आणि त्या रात्री ते साठ वाचूनच झोपा. आठवड्यातले तीन दिवस अभिलेखागार, बाकीचे रस्त्यावर.

रस्त्यावर काय पाहायचं? आधी काय पाहायचं नाही ते. तेजू नदीवरचा लाल पूल १९६६चा, पलीकडच्या काठावरचा येशूचा पुतळा १९५९चा, पोंबाल या जुन्या मंत्र्याचा उंच स्तंभ १९३४चा. तुमच्या मुलाच्या डोळ्यांतून ते पुसून टाका. रुआ औगुश्ताची कमान (१८७३), सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट (१९०२) आणि विजेवरच्या ट्रॅमगाड्या त्याला दिसल्या असत्या. रस्त्यांची नावं १९१०नंतर बदलली. आजची चांदीची गल्ली, रुआ दा प्राता, तोवर राणीच्या नावाने ओळखली जायची. घरमालकीण जुनं नाव सांगेल आणि पाटीवर नवं असेल. त्यात मुलगा हरवू शकतो. नाण्यांचंही तसंच. मे १९११मध्ये रेइस जाऊन इश्कुदु आला, एक हजार रेइसचा एक. पण बाजारात भाव जुन्याच मापात सांगितले जात. त्याच्या खिशातल्या चौकटीत हे भरा.

तिथे जाऊनच कळणाऱ्या गोष्टी शरीराच्या असतात. पणजीत नदीकडे तोंड केलं की माणूस उत्तरेला पाहतो. लिस्बनमध्ये नदीकडे तोंड केलं की दक्षिणेला. म्हणजे मांडवीकाठी वर्षातला बराच काळ ऊन पाठीवर असतं, तेजूकाठी दुपारभर ते पाण्यावरून थेट डोळ्यांत येतं. मांडवीची सवय असलेल्या मुलाला हे पहिल्याच दुपारी जाणवेल, कदाचित कारण न कळता. पायाखाली पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसॉल्टचे छोटे चौकोनी दगड आहेत. पाऊस पडला की ते साबणासारखे निसरडे होतात. कोऱ्या चामड्याच्या तळव्याचे बूट घातलेला मुलगा उतारावर कसा चालेल? स्थानकापासून खोलीपर्यंतची वाट हातात दहा किलोचं ओझं घेऊन चाला. मिनिटं मोजा, दम कुठे लागला ते लिहा, पोटऱ्या कुठे भरल्या ते लिहा. त्याआधी पणजीत एकदा फोंताइनांसहून आल्तिन्यावर तसंच ओझं घेऊन चढा आणि तेही लिहा. दोन चढणींतला फरक म्हणजे तुमचा परिच्छेद.

कुईंब्रात खालच्या बाजारातून जुन्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांचं नाव 'केब्रा-कोश्तश' आहे, पाठमोडी. त्या आहेत तशाच आहेत. पण सर्वांत वरचा भाग फसवा आहे. १९४०नंतर विद्यापीठासाठी नव्या इमारती उभारताना तिथल्या जुन्या गल्ल्या पाडल्या गेल्या, आणि तुमचा मुलगा राहिला असता तो भाग त्यातच गेला. रुंद चौक आणि पांढरे खांब पाहून वर्णन लिहाल तर १९११च्या माणसाला १९६०च्या रस्त्यावर चालवाल. तिथे जुने फोटोच धरा. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरची घंटा मात्र तीच आहे. विद्यार्थी तिला 'काब्रा', बकरी, म्हणत. दुसऱ्या दिवशी वर्ग आहेत हे ती संध्याकाळी सांगायची. तिचा आवाज गावाच्या कोणत्या कोपऱ्यापर्यंत येतो, हे जाऊन ऐका.

एक गोष्ट मेमध्ये मिळणार नाही: ऑक्टोबर. मेच्या मध्यात लिस्बनला सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यात आजच्या घड्याळात सातला. त्यातून उन्हाळी वेळेचा एक तास वजा करा, कारण ती पद्धत १९१६मध्ये आली. शिवाय पोर्तुगालने ग्रीनिचची वेळ १ जानेवारी १९१२ला स्वीकारली. तोवर लिस्बनचं घड्याळ तिच्या सुमारे ३७ मिनिटं मागे होतं. म्हणजे तुमच्या मुलाच्या घड्याळात साडेपाचच्या आतच सूर्य बुडाला. त्या ऋतूत रस्त्यावर चेस्टनट भाजणारे बसतात, धूर आणि गोडसर वास गल्लीभर असतो, पाऊस सुरू होतो, खोल्या ओल धरतात. सार्डिनचे चांगले दिवस सरत आलेले असतात. हे सगळं नियतकालिकांतून आणि लोकांना विचारून मिळवा. मेचं सोनेरी ऊन ऑक्टोबरच्या प्रकरणात सांडू देऊ नका.

लिहायची वेळ सकाळची ठेवा, बाहेर पडण्याआधी दीड तास. प्रवासात नवीन प्रकरण सुरू करू नका, जुनं सुधारू नका. फक्त चौकटी भरा, एका वेळी एक. वही अशी वापरा: उजव्या पानावर त्या दिवशीचं, तारीख, वेळ आणि जागेसह. डावं पान कोरं. डाव्या पानावर परत आल्यावर लिहायचं असतं, यातलं कादंबरीत काय जातं. फोटोत वास येत नाही, उतार सपाट दिसतो, थंडी दिसत नाही. म्हणून या तीन गोष्टी रोज रात्री शब्दांत उतरवा, झोप कितीही आली तरी. सकाळी त्या निम्म्या झालेल्या असतात. दर तिसऱ्या दिवशी वहीच्या पानांचे फोटो काढून घरी पाठवा.

परत याल तेव्हा पावसाची चाहूल लागलेली असेल. शाळा सुरू होईपर्यंत वही उघडू नका, दोन आठवडे तरी. मग खर्डा घ्या, वही नको, आणि आठवणीतून चौकटी भरत जा. आठवलं नाही ते बहुधा लागणारही नाही. वही फक्त तपासायला. टिपणांतलं दहातलं एक कादंबरीत गेलं तर प्रमाण बरोबर. मुलगा एखादी इमारत पाहून तिचा इतिहास आठवायला लागला की ते वाक्य काढा. तो खोलीचं भाडं आणि घरून न आलेलं पत्र यांचाच विचार करत असणार. जून-जुलैत कागद दमट होतात, म्हणून प्रती आणि पणजोबांची पत्रं कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या महिन्याला बदला.

आणि कुईंब्राच्या विद्यापीठ अभिलेखागाराला नावनोंदणीच्या वहीविषयी मेल कराल तेव्हा '१९११-१९१२' असं पूर्ण शैक्षणिक वर्ष लिहा. तिथलं वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. नुसतं '१९११' लिहिलंत तर आदल्या वर्षाची वही समोर येण्याची शक्यता आहे.